मासळी बाजारावर लाट: स्टुडिओ प्रोजेक्टच्या कन्सेप्टबद्दल

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू आर्किटेक्चरच्या थर्ड इयरला आहेस, इंटर्नशिपसाठी पोर्टफोलिओ करायचाय, आत्तापर्यंतचे पाच स्टुडिओ प्रोजेक्ट (कॉलेजच्या डिझाइनच्या तासाला केलेले) आहेत आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर कन्सेप्टचा एक परिच्छेद टाकायचाय. यादी तूच दिलीस. बागेतला कीऑस्क, कन्सेप्ट ओरिगामी. अलिबागजवळचं वीकेंड होम, कन्सेप्ट 'निसर्गाशी नातं'. बालवाडी, फुलपाखरू. कलाकेंद्र, मंडल. आणि या सेमचा, रत्नागिरीच्या बाजूच्या एका बंदराच्या गावातला मासळी बाजार, कन्सेप्ट लाट. त्यावर ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, 'कन्सेप्ट दिसत नाही' असा शेरा पडला आणि तू विचारतेयस की लाट एवढी ढळढळीत छपरावर दिसतेय तर 'दिसत नाही' म्हणजे नक्की काय, आणि पोर्टफोलिओत आता कन्सेप्ट बदलून लिहिला तर ते खोटं ठरेल का.

मी चोवीस वर्षं प्रॅक्टिस करतेय, त्यातली बारा-तेरा वर्षं व्हिजिटिंग म्हणून स्टुडिओपण घेते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. आम्ही ज्युरीवाले लोकसुद्धा दुपारचे दोन वाजले आणि पोटात कावळे ओरडायला लागले की 'कन्सेप्ट वीक आहे' म्हणून मोकळे होतो, हे आधीच कबूल करते. पण तुझ्या शीट्स मी नीट बघितल्या आणि शेरा बरोबर होता असं माझंही मत झालं. फक्त सांगणाऱ्याने फोड करून सांगायला हवं होतं.

लाट हा आकार झाला. कन्सेप्ट म्हणजे असा एक निर्णय की जो घेतला की पुढचे दहा निर्णय आपोआप अडतात किंवा सुटतात. मी स्टुडिओत याला टॉयलेटची टेस्ट म्हणते, मुलं हसतात पण लक्षात राहतं. आपल्या कन्सेप्टला विचारायचं की बाबा रे, टॉयलेट कुठे टाकू? जिना कुठे, कचऱ्याची गाडी कुठून येईल? त्याच्याकडे काहीतरी उत्तर असलं पाहिजे, निदान 'इथे नको' एवढं तरी. तुझ्या लाटेला विचार, ती गप्प बसते. म्हणून तुझ्या प्लॅनमध्ये टॉयलेट कोपऱ्यात जिथे जागा उरली तिथे गेलंय आणि त्याचं दार थेट ओट्यांकडे उघडतंय.

लुई कान या अमेरिकन आर्किटेक्टने हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. सेवा घेणाऱ्या जागा वेगळ्या आणि सेवा देणाऱ्या जागा वेगळ्या, एवढाच विचार, पण फिलाडेल्फियाच्या रिचर्ड्स लॅबमध्ये त्याने जिने आणि हवा बाहेर टाकणारे शाफ्ट उचलून विटांच्या मनोऱ्यांत बाहेर उभे केले आणि लॅबचा मजला मोकळा सोडला. म्हणजे टॉयलेट-डक्टचा प्रश्न हाच त्याचा कन्सेप्ट झाला. आता त्याच बिल्डिंगमध्ये ऊन इतकं आत यायचं की शास्त्रज्ञांनी काचांवर फॉइल चिकटवली होती, तर चांगला कन्सेप्ट असला म्हणजे सगळं सुटतं असंही नाही, हेपण लक्षात असू दे.

माझीच एक फजिती सांगते. सेकंड इयरला आम्हाला संगीत विद्यालय होतं आणि मी शंख आणला. काय अभिमान होता मला! शंख म्हणजे नाद, नाद म्हणजे ब्रह्म वगैरे शीटवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, प्लॅन चक्राकार, वर्ग आतून बाहेर मोठे होत जाणारे, मॉडेलसाठी दोन रात्री जागून माउंट बोर्ड कापलेला, बोटाला चार टाके. ज्युरीला आलेल्या एका सरांनी मॉडेलकडे बघितलंही नाही, फक्त विचारलं की तबल्याच्या वर्गाच्या शेजारी कोणता वर्ग आहे. गायनाचा होता. आणि मधे साडेचार इंची भिंत. मग विचारलं रात्री तंबोरे कुठे ठेवतात, मी म्हटलं स्टोअरमध्ये, स्टोअर कुठाय, तर शंखाच्या शेपटीला, जिथे माणूस ताठ उभा राहू शकत नव्हता. पाच मिनिटांत आटोपलं सगळं. नादावर प्रोजेक्ट करत होते आणि आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो याचाच विचार केला नव्हता. खरा कन्सेप्ट तिथेच पडलेला होता की, गोंगाटवाले वर्ग आणि शांत वर्ग यांच्या मधे काय ठेवायचं, चौक ठेवू की स्टोअर ठेवू की जिना.

आता तू म्हणशील सिडनीचं ऑपेरा हाउस? त्याची छपरंपण शिडंच ना? हा युक्तिवाद दर वर्षी कोणीतरी करतंच. त्याचा आर्किटेक्ट उट्झन १९५७ मध्ये त्याच्या डिझाइनची स्पर्धा जिंकला तेव्हा त्या कवचांना धड भूमिती नव्हती, सुंदर स्केचेस होती. पुढची काही वर्षं इंजिनिअर लोक डोकं आपटत होते की हे बांधायचं कसं. १९६१ मध्ये तोडगा निघाला तो असा की सगळी कवचं एकाच गोळ्याचे तुकडे म्हणून कापायची, साधारण ७५ मीटर त्रिज्येचा गोळा. गोळा एकच म्हटल्यावर वक्रता सगळीकडे सारखी, म्हणजे त्याच त्या साच्यांतून काँक्रीटच्या फासळ्या पुन्हा पुन्हा ओतता येतात. तरी ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, उट्झन १९६६ मध्ये सोडून गेला आणि उद्घाटन झालं १९७३ ला. माझ्या मते तिथला कन्सेप्ट शीड नव्हेच, तो गोळा आहे. तुझ्या लाटेच्या मागे असा काही गोळा आहे का? तुझ्या सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून दाखवलेल्या ड्रॉइंगमध्ये, मला छपराचा सांगाडा धरणारा प्रत्येक ट्रस वेगळा दिसतोय.

आता एकेक प्रोजेक्ट बघू, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

कीऑस्क ठेव. ओरिगामी चालेल, कारण कागदाला घडी घातली की तो ताठ उभा राहतो, ही नुसती उपमा नाही, स्ट्रक्चर आहे. फक्त तू ते सव्वाशे मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये दाखवलंयस, तेवढ्या स्लॅबला घडीची गरजच काय? पातळ स्टीलच्या पत्र्यात कर, घड्यांमुळे पत्रा वाकत नाही हे एका डिटेलमध्ये दाखव, झालं काम.

वीकेंड होमचं 'निसर्गाशी नातं' मात्र काढून टाक. मी दर वर्षी इंटर्न घेते आणि दहातल्या सात पोर्टफोलिओंत हे नातं असतं, आणि त्याचा अर्थ निघतो मोठी काच. अलिबागला पश्चिमेला मोठी काच म्हणजे जूनमध्ये आडवा पाऊस आणि एप्रिलमध्ये संध्याकाळी भट्टी. निसर्ग म्हणजे काय ते आधी ठरव ना, वारा हवाय का समुद्र बघायचाय का ऊन टाळायचंय? आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या मुंबईतल्या कांचनजंगा बिल्डिंगचं उदाहरण तू केस स्टडीत लावलंयस पण वाचलेलं दिसत नाही. मुंबईत वारा आणि चांगला व्ह्यू दोन्ही पूर्व-पश्चिमेला, आणि त्रासदायक ऊन आणि पाऊसही त्याच दिशांनी. ही अडचण जुन्या बंगल्यांनी सभोवती व्हरांडा गुंडाळून सोडवली होती. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून २८ मजली टॉवरच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची बाग म्हणून बसवला. १९८३ मध्ये पूर्ण झालेली बिल्डिंग आहे, कंबाला हिलला, रस्त्यावरूनसुद्धा ते कोपऱ्यातले खड्डे दिसतात. त्यांचंच त्याआधीचं अहमदाबादचं ट्यूब हाउस बघ, जेमतेम ३.६ मीटर रुंद घर होतं, उतरतं छप्पर, गरम हवा छताच्या उताराने वर चढून माथ्यावरून बाहेर जायची आणि खालून ताजी आत ओढली जायची. अख्खा कन्सेप्ट एका सेक्शनमध्ये मावतो, शब्द लागतच नाहीत. तुझ्या घराला पडवी आहे की, तीही चांगली आठ फुटी, मग तिच्याबद्दल लिही. पडवी पश्चिमेला का, तिथे दुपारी कोण बसणार, पावसाळ्यात तिचं काय होणार.

फुलपाखराचं काय करायचं मला खरंच कळत नाही. फुलपाखरू फक्त ड्रोनला दिसतं, चार वर्षांच्या मुलाला नाही. त्याला काय दिसतं तर दरवाजाची कडी, पायरी, खिडकीचा खालचा काठ, बाईंचे गुडघे. हर्ट्झबर्गर या डच आर्किटेक्टच्या डेल्फ्टमधल्या मॉन्टेसरी शाळेत हॉलच्या मधोमध एक विटांचा चौथरा आहे, बाकी काही नाही, आणि मुलं त्याचं कधी स्टेज करतात, कधी टेबल, कधी बसायची जागा. बालवाडीच्या बाजूला जमिनीत चौकोनी खड्डा आहे, त्यात लाकडी ठोकळे, मुलं ते काढून स्टूल करतात, आगगाडी करतात. आणि टोकियोची फुजी किंडरगार्टन, तेझुका या आर्किटेक्ट दांपत्याची, लंबगोल आहे म्हणून भारी नाही, मुलांना गोल गोल पळायला आवडतं आणि छप्पर हेच मैदान केलं तर पळणं कुठे संपतच नाही, म्हणून ती लंबगोल आहे. आधीची तीन झाडं छपरातून वर आलीत ती तशीच ठेवली. तुझ्या बालवाडीत दोन पंखांच्या मधे जो चिंचोळा भाग उरलाय ना, जिथे तू नुसतं 'एंट्रन्स फॉयर' लिहून सोडून दिलंयस, तिथे मुलं चपला काढणार आणि आया त्यांना ओढणार. त्या जागेवर प्रोजेक्ट परत उभा कर. नाही जमलं तर पोर्टफोलिओत घेऊ नकोस. चार प्रोजेक्ट पुरतात.

कलाकेंद्राचं मंडल चुकीचंच आहे असं मी म्हणणार नाही, कारण जयपूरचं जवाहर कला केंद्र तसंच आहे आणि ते चालतं. पण का चालतं बघ. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसवलेल्या शहराचा प्लॅन नऊ चौकोनांचा, त्यातला एक डोंगर आडवा आला म्हणून बाजूला सरकवलेला. कोरियांनी ३० मीटरचे नऊ चौकोन घेतले, एकेक ग्रहाला दिला, ग्रंथालय गुरूकडे, थिएटर शुक्राकडे, मधला सूर्याचा चौकोन मोकळा कुंड. आणि एक चौकोन मुद्दाम सरकवला, त्याच फटीतून लोक आत शिरतात. म्हणजे मंडलाने काय कुठे जाणार हे ठरवलं आणि मंडल मोडलं तिथे दरवाजा झाला. तुझ्याकडे मंडल फ्लोअरिंगच्या पॅटर्नमध्ये आहे. ते उद्या टाइल बदलली की जाईल. आपल्या पुण्यात आयुकाला, म्हणजे खगोलशास्त्राच्या संस्थेत, जमलं तर जाऊन ये, तिथेही विश्वाचीच कल्पना आहे, पण ती मधल्या कुंडाभोवती सगळं बसवून आणि काळ्या दगडाच्या भिंतींतून केलीय, आत गेल्यावर शरीराला कळते.

आता मासळी बाजार. इथे मला खूप बोलायचंय कारण हा प्रोजेक्ट सोन्यासारखा आहे आणि तू तो छपरात घालवलास.

तुझ्या साईट ॲनालिसिसच्या शीटवर जे फोटो आहेत त्यात ओटे निम्मे रिकामे. शीटवर तारीख आहे, मी कॅलेंडर बघितलं, गुरुवार होता! अगं, मासळी बाजार बघायला गुरुवारी अकरा वाजता कोण जातं? बुधवारी, शुक्रवारी नाहीतर रविवारी जा आणि सकाळी जा, आधी जेट्टीवर लिलाव बघ, मग तिथून बायका टेम्पोत पाट्या टाकून बाजारात येतात त्यांच्या मागे मागे ये. बर्फाच्या लाद्या कुठे उतरतात, थर्माकोलची खोकी कुठे रचतात, पाणी कोण ओततं आणि ते कुठे वाहत जातं, मांजरं कुठे बसतात. मांजरं हसण्यावारी नेऊ नकोस, ज्या कोपऱ्यात मांजरं तिथेच तुझी कचऱ्याची जागा.

मग छप्पर. त्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तुझ्या लाटेला तीन खोलगट पन्हळी आहेत, तिन्ही बाजाराच्या पोटातून जाणाऱ्या. पाला अडकला की ते पाणी कुठे येणार, तर बरोबर ओट्यांवर. शिवाय लाट म्हणून तू निळा पॉलिकार्बोनेट पत्रा टाकलास. गिऱ्हाईक मासा घेताना कल्ला उचलून लाल आहे का बघतं. निळ्या उजेडात लाल काळपट दिसतो, म्हणजे तुझ्या बाजारात सकाळी आलेली सुरमईसुद्धा शिळी वाटणार आणि त्या बायका आठ दिवसांत तुझ्या नावाने शिव्या घालणार. उजेड पांढरा पाहिजे आणि सावलीतला पाहिजे. आणि 'नॉर्थ लाइट' असं घोकून लिहू नकोस, रत्नागिरीच्या अक्षांशाला साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून दुपारचा सूर्य उत्तरेला कललेला असतो, उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा लागतो. वेल्डिंगच्या पाइपचे ट्रस समुद्राच्या हवेत आणि खाऱ्या पाण्यात किती टिकतील हे एखाद्या फॅब्रिकेटरला विचार.

पण यातून कन्सेप्ट कुठून येणार? मला तीन ठिकाणी तो दिसतो, यातलंच घे असं नाही.

एक म्हणजे रस्ता. कोकणात काय किंवा घाटावर काय, नगरपालिका नवीन मार्केट बांधते आणि सहा महिन्यांत सगळ्या विक्रेत्या परत बाहेर रस्त्यावर येऊन बसतात, हे तू कुठेही बघशील. त्यांना शिस्त नाही म्हणून नव्हे, गिऱ्हाईक स्कूटरवर असतं, पाय खाली न टेकता भाव विचारतं, आणि जी सगळ्यात आधी दिसते तिचा माल जातो. मग प्रश्न असा की प्रत्येक ओटा रस्त्याकडून पहिला कसा होईल? हा प्रश्न हातात घेतलास की प्लॅन लांब आणि अरुंद होतो, मधला अंधारा गाळा जातो, मागची बाजू फक्त बर्फ आणि पाण्यासाठी राहते. आणि टॉयलेट कुठे तेही कळतं.

दुसरं, बंदी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, पुढे श्रावण येतो, म्हणजे तुझी बिल्डिंग वर्षातले दोन-तीन महिने जवळजवळ रिकामी. त्या काळात सुकट, सोडे, सुके बोंबील विकतात, त्यांना कोरडी जागा लागते, आणि जाळी विणायला लांब मोकळी जमीन आणि मोठं छप्पर लागतं. ओल्या बाजाराची आणि कोरड्या बाजाराची एकच इमारत, हा केवढा मोठा विषय आहे! तुझ्या शीटवर त्या बंदीचा उल्लेखसुद्धा नाही.

तिसरं म्हणजे नुसता ओटा. साठीची बाई त्यावर चढणार कशी, मागून पायरी हवी. पाय मोकळे सोडून बसता आलं पाहिजे, समोर उभ्या गिऱ्हाइकाच्या आणि तिच्या डोळ्यांची पातळी जवळजवळ सारखी यावी, कारण घासाघीस वर बघून होत नाही. कोयती कुठे टेकवणार, पैशाचा डबा कुठे, फरशीला उतार मीटरला दीड-दोन सेंटीमीटर तरी, आणि पाणी गिऱ्हाइकाच्या चपलेकडे न येता तिच्या मागे जायला हवं. एक ओटा एकास पाच स्केलला काढ, मग तो चाळीस वेळा मांड, बिल्डिंग त्यातूनच तयार होईल. मला विचारशील तर मी इथून सुरू केलं असतं.

आणि विक्रेत्या ताडपत्र्या बांधणारच, तू कितीही चांगलं छप्पर दे. मग खांबाला कड्या तूच देऊन ठेव. नवी मुंबईतल्या बेलापूरची कोरियांची वसाहत बघितलीयस का? सात-सात घरं साधारण ८ बाय ८ मीटरच्या चौकाभोवती, साडेपाचशे कुटुंबांसाठी, आणि घरांच्या भिंती एकमेकांना चिकटू दिल्या नाहीत, का तर प्रत्येकाला आपापलं वाढवता यावं. आज जाशील तर कित्येक मूळ घरं पाडून तीन-तीन मजली झालीत, ग्रॅनाइट लागलंय, ग्रिल लागल्यात, तरी चौकांची रचना ओळखू येते. विटा बदलल्या आणि कन्सेप्ट राहिला, असं मी तरी फार कमी ठिकाणी बघितलंय.

आता तुझा शेवटचा प्रश्न, बदलून लिहिलं तर खोटं का. ड्रॉइंग तीच ठेवून वर नवीन परिच्छेद चिकटवलास तर हो, खोटं, आणि ते पकडलं जातं, कारण ऑफिसमध्ये पोर्टफोलिओ बघायला आम्हाला दोन-तीन मिनिटं असतात आणि त्यात आम्ही परिच्छेद वाचतच नाही, आधी सेक्शन बघतो, मग जिना, मग टॉयलेटला खिडकी आहे का. तिथे काही सापडलं तर वर लिहिलंय काय ते वाचतो. ड्रॉइंग परत केलीस तर मात्र अजिबात खोटं नाही. प्रत्येक जण नंतरच लिहितो. कन्सेप्ट पहिल्या दिवशी सुचला आणि तोच शेवटपर्यंत राहिला असं माझ्या एकाही बांधलेल्या कामात झालेलं नाही. बटर पेपरवरची जुनी लाटसुद्धा एका कोपऱ्यात छोटी करून लाव, खाली लिही की ही का सोडली. मला इंटर्न म्हणून अशी मुलगी जास्त आवडेल.

परिच्छेद साधा लिही. 'ओतप्रोत', 'संवाद', 'स्पेसचा अनुभव' असले शब्द नकोत. साधारण असं: 'या गावातल्या विक्रेत्या मार्केट सोडून रस्त्यावर बसतात कारण आतले ओटे रस्त्यावरून दिसत नाहीत. म्हणून बाजार एकाच रांगेचा, रस्त्याला समांतर ठेवला आहे. पुढची बाजू गिऱ्हाइकाची, मागची बर्फ, पाणी आणि कचऱ्याची. जून-जुलैत ओट्यांच्या पुढचा पट्टा जाळी विणायला वापरता येतो.' चार वाक्यं. बघ यात लाट कुठेच नाही.

पुढच्या ज्युरीला अजून अठरा दिवस आहेत असं लिहिलंयस. त्यातले पहिले दोन साईटवर घालव, लॅपटॉप घरी ठेव, टेप आणि वही ने. आणि ओट्यावर बसलेल्या मावशींना विचारून एकदा स्वतः तिथे बसून बघ, किमान पंधरा मिनिटं, गुडघे कुठे जातात ते लिहून आण. ओट्याचं एकास पाचचं ड्रॉइंग झालं की मला पाठव, बाकीचं नंतर बघू.